पावती फाडण्याआधी हिशोब दाखवा

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला हव्या त्या संघटनेत जायचा हक्क आहे, कुठल्याच संघटनेत न जायचा हक्क आहे आणि पटलं नाही तर संघटना सोडायचाही हक्क आहे. हे तिन्ही हक्क कागदावर शाबूत आहेत. प्रत्यक्षात त्याला एकच मुभा उरली आहे: समोर आलेलं पावतीपुस्तक कोणाचं, हे न विचारता खिशात हात घालायचा. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावचा. शिक्षक म्हणून नोकरी केली, नोकरीभर एका संघटनेचा सभासद राहिलो, आणि संघटनेवाचून शिक्षकाला कोणी हिंग लावून विचारत नाही, हे माझं मत आजही कायम आहे. ते कायम आहे म्हणूनच हा संताप आहे. सेवेत असतो तर जिल्हा सेवेच्या १९६७ च्या वर्तणूक नियमांकडे बोट दाखवून कोणीतरी नोटीस काढली असती. आता ती भीती नाही, तेव्हा जे वर्षानुवर्षं शिक्षक चहाच्या टपरीवर दबक्या आवाजात बोलतात ते इथं स्पष्ट लिहितो.

माझी पुतणी शिक्षण सेवक आहे. मारेगावात नाही, दुसऱ्या तालुक्यात, कोलाम आदिवासींच्या एका पोडावर, म्हणजे पाड्यावर. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. महिन्याला १६ हजार मानधन. त्यातून खोलीभाडं, गाडीचं पेट्रोल आणि घरी पाठवायचे पैसे. केंद्राच्या शिक्षण परिषदेला गेली की जेवणाच्या सुट्टीत पावतीपुस्तकं बाहेर निघतात. पहिल्या वर्षी तिनं सरळ सांगितलं, "सर, मी अजून ठरवलं नाही कोणत्या संघटनेत जायचं." समोरचा पदाधिकारी वयानं मोठा, बोलायला गोड. म्हणाला, "काय आहे त्याच्यात ठरवाचं, मॅडम? तीन वर्षं झाले का नियमितची फाईल कोन हलवन मंग?" तिनं पावती फाडली. पुढच्या परिषदेत दुसऱ्या संघटनेचे सर आले, त्यांचीही फाडली, कारण पंचायत समितीतल्या त्या टेबलाशी नेमकी कोणाची ऊठबस आहे हे नव्या माणसाला कळत नाही. तिसऱ्यांनी तर वर्गणीसोबत दिनदर्शिकाही हातात दिली आणि तिचेही पैसे घेतले. वर्षअखेर ती तीन संघटनांची सभासद होती. त्यातल्या एकीचीही घटना तिनं पाहिलेली नाही, एकाही निवडणुकीत तिला मत नाही, आणि त्या तिघांपैकी एकालाही तिच्या पोडावर यायचा रस्ता माहीत नाही.

आता ही फाईल म्हणजे काय ते बघा. शिक्षण सेवकानं तीन वर्षं समाधानकारक सेवा केली की नियमित वेतनश्रेणी मिळते. हा नियम आहे. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, जिला आम्ही सगळे नुसतं 'चटोपाध्याय' म्हणतो, तोही नियम आहे. निवड श्रेणी, वैद्यकीय देयक, सेवापुस्तिकेतली नोंद, भविष्य निर्वाह निधीतला स्वतःच्याच घामाचा पैसा, या सगळ्यांसाठी शासन निर्णय आहेत, मुदती आहेत, जबाबदार कर्मचारी नेमलेले आहेत. तरीही मुलीच्या लग्नाची तारीख तोंडावर आली असताना स्वतःचा जीपीएफ काढायला शिक्षक पंचायत समितीच्या व्हरांड्यात ताटकळतो आणि मग कोणीतरी पदाधिकारी आत जाऊन 'आपला माणूस आहे' असं सांगतो. टेबलावरचा बाबू हलतो. शिक्षक उपकृत होतो. पुढच्या वर्षी पावती फाडायला त्याला सांगावंही लागत नाही.

माझा आरोप इथं आहे आणि तो मी पूर्ण जबाबदारीनं करतो. न मिळालेला हक्क मिळवून देणं हे संघटनेचं काम. ज्या पदाधिकाऱ्यांनी मिळालेल्या हक्काच्या दारात उभं राहून दलाली चालवली आहे, त्यांना संघटनेचं नाव लावायचा अधिकार नाही. फाईल अडली नाही तर यांना कोण विचारणार? म्हणून फाईल अडलेलीच यांना हवी असते. टेबल स्वच्छ करा, अमुक दिवसांत देयक निघालंच पाहिजे, उशीर झाला तर संबंधितावर कारवाई करा, ही मागणी घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या दालनासमोर सलग चार दिवस बसलेला तालुकाध्यक्ष मला दाखवा. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ घेऊन नव्या साहेबांच्या स्वागताला गेलेले मी हवे तेवढे दाखवतो.

बदल्यांचंच घ्या. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयानं जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकावर गेल्या. त्या धोरणात चुका होत्या, पतीपत्नी विभक्त झाले, कोणाची सेवाज्येष्ठता मागं पडली, त्यावर ओरड झाली ती रास्तच होती. पण सर्वात मोठा आवाज कोणाचा होता? ज्यांच्या शब्दाला बदलीच्या मोसमात भाव होता त्यांचा. रस्त्यावरची शाळा कोणाला आणि झरी-मारेगावकडची आडवाटेची शाळा कोणाला, हे ठरवायला जिल्ह्याच्या गावी जी बैठक बसायची तिच्यात यांची खुर्ची होती. ती गेली. सामान्य शिक्षकाला पहिल्यांदा कोणाच्या पाया न पडता बदली मिळाली. त्या शिक्षकाच्या सोयीबद्दल संघटनेनं एकदा तरी आनंद व्यक्त केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

ही दलाली चालू शकते, कारण शिक्षकाला दुसरा आधार नाही. जिल्हा परिषदा ज्यांच्या समितीच्या शिफारशींतून उभ्या राहिल्या ते वसंतराव नाईक याच जिल्ह्यातल्या पुसदचे. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या, प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात आल्या. कल्पना अशी की गावाच्या शाळेचं गाऱ्हाणं गावातून निवडून गेलेला सदस्य जिल्ह्याला नेईल. मार्च २०२२ मध्ये यवतमाळ जिल्हा परिषदेच्या सदस्यांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. निवडून आलेला माणूसच सभागृहात नसला की शिक्षकाच्या वाट्याला उरतो तो पावतीपुस्तकवाला.

आणि आमदार? विधान परिषदेत शिक्षकांचे सात आमदार असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या सातांना निवडून देण्याचा हक्क प्राथमिक शिक्षकाला नाही, हे मात्र कित्येक पालकांना ठाऊकच नसतं. राज्यघटनेच्या कलम १७१ नं हा मतदारसंघ माध्यमिक आणि त्यावरच्या शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांपुरता ठेवला आहे. बोटोणी, मार्डी, कुंभा या भागातल्या लहान गावांत पहिलीच्या पोराला अक्षर गिरवायला शिकवणारा माणूस अमरावती विभाग शिक्षक मतदारसंघात मतदार नाही. निवडणूक आली की त्याच्या घरी कोणी येत नाही. त्याच्या नावावर भाषणं मात्र होतात.

कायदा काय सांगतो ते शिक्षकांनी एकदा नीट समजून घ्यावं, कारण नेते ते समजावून सांगत नाहीत. संघटना बांधण्याचा मूलभूत हक्क कलम १९ मध्ये आहे. मुंबईच्या महालेखापाल कार्यालयात जोसेफ नावाचे कर्मचारी होते, कर्मचारी संघटनेचे सचिव. सरकारनं त्या संघटनेची मान्यता काढून घेतली आणि मान्यता नसलेल्या संघटनेत राहिल्याबद्दल त्यांच्यावर कारवाई सुरू केली. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी निकाल दिला की सरकारनं मान्यता दिलेल्याच संघटनेत राहा, असं बंधन घालणारा नियम घटनाबाह्य आहे. म्हणजे साहेबानं नाक मुरडलं तरी तुम्हाला हवी ती संघटना तुम्ही धरू शकता. त्याच निकालात संपावरची बंदी मात्र कायम राहिली. पुढे २००३ मध्ये तामिळनाडूनं एका झटक्यात सुमारे १ लाख ७० हजार कर्मचारी आणि शिक्षकांना घरी बसवलं, तेव्हा रंगराजन खटल्यात न्यायालय म्हणालं की सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत नाही, कायदेशीर नाही आणि नैतिकही हक्क नाही. गोव्यातल्या करंझाळे इथल्या शाळेतल्या सुंदरंबाळ बाईंना नोकरीवरून काढलं होतं. १९८८ च्या त्यांच्या खटल्यात ठरलं की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखालचा कामगार नव्हे, त्याचं कार्य उदात्त आहे. उदात्त कार्य करणाऱ्याला कामगार न्यायालयाचं दार बंद. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या ८७ आणि ९८ क्रमांकाच्या करारांना, संघटनास्वातंत्र्याच्या आणि सामुदायिक वाटाघाटीच्या करारांना, भारतानं अजूनही मान्यता दिलेली नाही.

या सगळ्याचा अर्थ एका ओळीत: तुम्ही एकत्र जमा, घोषणा द्या, निवेदन द्या, तुमचं ऐकायला सरकार बांधील नाही. ज्या माणसाच्या हातात संप नाही, न्यायालय नाही, मत नाही, त्याच्याकडे एकच बळ उरतं ते संख्येचं. आणि ते बळ आमच्या नेत्यांनी किती तुकड्यांत फोडलं आहे ते पाहून माझ्या अंगाची लाही होते. शिक्षक संघ आहे, त्याचेही गट आहेत. शिक्षक समिती आहे, शिक्षक परिषद आहे, शिक्षक भारती आहे, पुरोगामी आहे, प्रहार आहे, पेन्शनची वेगळी आहे, उर्दू शिक्षकांची वेगळी आहे. मागासवर्गीय शिक्षकांच्या संघटना वेगळ्या का निघाल्या ते मला समजतं. बिंदूनामावली आणि अनुशेषाच्या प्रश्नावर मोठ्या संघटनांनी तोंडात मिठाची गुळणी धरली, तेव्हा त्यांनी आपलं घर वेगळं बांधलं. त्यांना दोष देणार नाही. बाकीच्यांचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: अध्यक्षपद एकाला मिळालं, दुसऱ्याला मिळालं नाही. संस्था नोंदणीच्या १८६० च्या कायद्याखाली सात माणसं पुरतात. सात सह्या, एक लेटरहेड, एक शिक्का, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'राज्याध्यक्षांनी शिक्षणमंत्र्यांची भेट घेतली' असा फोटो. पतसंस्थांच्या आणि शिक्षक बँकांच्या निवडणुकीत हेच लोक पॅनल करून एकमेकांच्या उरावर बसतात. सर्वसाधारण सभेत खुर्च्या फेकल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि शाळेत पोरांना शिस्त शिकवतो.

सरकारला हे फार सोयीचं आहे. १४ मार्च २०२३ ला जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप सुरू झाला. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या माणसाला निवृत्तीनंतर किती मिळणार याचा तेव्हा भरवसा नव्हता, त्याच्या पगारातून दहा टक्के कापले जातात आणि त्या कपातीचा हिशोबही शिक्षकांना वर्षानुवर्षं मिळाला नाही. इतकी जिव्हाळ्याची मागणी. त्याच दिवशी सरकारनं विधिमंडळात अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा मंजूर करून घेतला. आणि संप उभा राहतो न राहतो तोच प्राथमिक शिक्षकांचा एक गट बाहेर पडल्याची बातमी आली. गावोगावच्या शिक्षकांना कोणी विचारलं होतं का, बाहेर पडायचं की नाही? ज्यांची वर्गणी होती त्यांचं मत कोणी घेतलं? २० मार्चला संप मागं घेतला गेला, समितीच्या अहवालाच्या आश्वासनावर. १९७७ च्या डिसेंबरात सुरू झालेला र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वातला ५४ दिवसांचा संप ज्यांनी पाहिला किंवा घरात भोगला, त्यांना या दोन संपांतला फरक सांगायला नको. त्या वेळी घरातलं धान्य संपलं तरी माणसं हटली नव्हती, कारण निर्णय आपला आहे असं त्यांना वाटत होतं.

काही तरुण शिक्षक अमेरिकेचा दाखला देतात. तिथं २०१८ मध्ये जेनस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की सरकारी नोकरानं संघटनेचा सभासद नसताना तिला पैसे द्यायची सक्ती करता येणार नाही. त्याआधी चार दशकं, १९७७ च्या डेट्रॉइटच्या शिक्षकांच्या खटल्यापासून, सभासद नसलेल्याकडूनही वाटाघाटीचा खर्च म्हणून वर्गणी घेता येत होती. तिथल्या संघटनांचा युक्तिवाद असा की संघटना पगाराचा करार करते, त्याचा लाभ सगळ्यांना होतो, मग भार सगळ्यांनी उचलावा. युक्तिवादात दम आहे. पण तिथं संघटना मतदानानं निवडलेली असते, करार लेखी असतो, तो पाळायला मालक बांधील असतो. आमच्याकडे करार नाही, मतदान नाही, हिशोब नाही. आणि सक्ती मात्र आहे, फाईलच्या रूपानं. तेव्हा अमेरिकेतला निकाल बरोबर की चूक हा वाद त्यांचा त्यांना लखलाभ. इथल्या सक्तीला एकही सबब नाही.

सक्तीची संघटना काय करते याचं उदाहरण आपल्या घरातलं आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांवर १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं एकच प्रातिनिधिक संघटना लादली होती, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता, तरी बोलणी करायचा अधिकार तिचाच. जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागं गेले आणि सरकार म्हणत राहिलं की आम्ही मान्यताप्राप्त संघटनेशीच बोलू. गिरण्या गेल्या, कामगार कोकणात आणि घाटावर परतले. माणसाला आपला प्रतिनिधी बदलायची सनदशीर वाट ठेवली नाही की त्याचं असं होतं.

ती वाट कशी असते ते बघायला लांब जायला नको. मारेगावहून वणी किती दूर? वणीच्या स्टेशनावर रुळांची देखभाल करणारा ट्रॅकमन आपल्याशी बोलणी कोणी करायची हे गुप्त मतदानानं ठरवतो. रेल्वेत २००७ मध्ये, २०१३ मध्ये आणि डिसेंबर २०२४ मध्ये असं मतदान झालं. कर्मचारी रांगेत उभे राहिले, ओळखपत्र दाखवलं, मत टाकलं, आणि ज्या संघटनेला पुरेशी मतं मिळाली तिला मान्यता मिळाली. खाजगी कारखान्यांसाठी महाराष्ट्रातच १९७१ चा कायदा आहे, सहा महिने सलग किमान ३० टक्के कामगार सभासद असल्याशिवाय संघटनेला मान्यता मिळत नाही. ट्रॅकमनला जे कळतं ते शिक्षकाला कळणार नाही असं कोणाला वाटतं? की ते कळलं तर आपलं दुकान बंद होईल याची भीती आहे?

माझ्या मागण्या साध्या आहेत. वर्गणी वर्षातून एकदा, लेखी संमतीनं, थेट बँक खात्यातून. शाळेत, शिक्षण परिषदेत, प्रशिक्षणात पावतीपुस्तक दिसलं तर केंद्रप्रमुखानं ते बंद करायला लावावं. प्रत्येक संघटनेनं आपला लेखापरीक्षण अहवाल सभासदांपुढे ठेवावा. नोंदणीकृत संस्थेला धर्मादाय आयुक्तांकडे हिशोब द्यावाच लागतो, मग तोच कागद सभासदाला दाखवायला कसली लाज? अधिवेशनाच्या वर्गणीतून मंडप किती, जेवण किती, मंत्र्यांच्या स्वागताचे फ्लेक्स किती, हे ज्यानं पैसे दिले त्याला कळलं पाहिजे. अधिवेशनाला न जाता नुसती पावती आणि उपस्थितीचं प्रमाणपत्र घेऊन विशेष रजा भोगणाऱ्यांनाही सांगतो: त्या दिवशी पोडावरची पोरं कुलूप बघून परत जातात. ती पोरं कोलामांची आहेत, राज्यात अतिमागास म्हणून नोंदलेल्या तीन आदिम जमातींपैकी एकीची. त्यांच्या नावानं सभेत गळा काढायचा आणि त्यांच्याच शाळेला कुलूप लावायचं, हा नीचपणा आहे.

आणखी एक. तालुका कार्यकारिणीचा कोणताही फोटो काढून बघा. प्राथमिक शाळांत बायका किती शिकवतात आणि त्या फोटोत किती दिसतात? 'महिला आघाडी' नावाची वेगळी चौकट करून तिथं एका बाईंचं नाव टाकलं की यांचं कर्तव्य संपतं. बैठक रविवारी, नाहीतर रात्री धाब्यावर. त्या बैठकीत प्रसूती रजेच्या बिलाचा, आडरानातल्या शाळेत एकट्या बाईच्या सुरक्षिततेचा, शाळेत पाणी असलेल्या स्वच्छतागृहाचा विषय कोण काढणार? माझ्या पुतणीनं एका पदाधिकाऱ्याला शाळेतल्या स्वच्छतागृहाबद्दल सांगितलं, तर तो म्हणाला, हे ग्रामपंचायतीचं काम आहे. वर्गणी घेताना तो ग्रामपंचायतीला विचारायला गेला नव्हता.

एवढं वाचून जे शिक्षक 'बघा, आम्ही म्हणूनच कुठल्याच संघटनेत नाही' म्हणून खूश होत असतील, त्यांनी थांबावं. तुमचा न जाण्याचा हक्क मला मान्य आहे आणि त्यासाठी तुमच्यावर कोणी दबाव आणला तर मी तुमच्या बाजूनं उभा राहीन. पण शिक्षण सेवकाचं मानधन दशकभर सहा हजारांवर गोठलेलं होतं, ते जानेवारी २०२३ पासून १६ हजार झालं, ते आपोआप झालं असं समजू नका. वस्तीशाळेवर महिन्याला हजार रुपयांवर राबलेली माणसं कायम झाली, त्यामागं वर्षानुवर्षांची आंदोलनं आहेत. ५ सप्टेंबर २०२४ ला, शिक्षक दिनाच्याच दिवशी, शासनानं २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांत १५ हजारांवर कंत्राटी शिक्षक नेमायचा निर्णय काढला. मारेगाव तालुक्यातल्या पोडांच्या आणि वस्त्यांच्या शाळांचा विचार करा, म्हणजे तो घाव कुठं बसणार होता ते कळेल. त्याविरुद्ध संघटना एकत्र आल्या, २५ सप्टेंबरला जिल्ह्याजिल्ह्यात सामूहिक रजा टाकून मोर्चे निघाले. या दबावापुढे सरकारला त्या निर्णयात बदल करावा लागला. त्या दिवशी शाळेत बसून हजेरी लावलेल्यांची नोकरीही त्या मोर्च्यानंच राखली. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी आग्रह धरला होता की प्राथमिक शिक्षकाला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको, मोठ्या गावात पंधरा ते वीस द्या, आणि शिक्षक असा नेमा की ज्याला नांगराची मूठ धरायची लाज वाटणार नाही. शिक्षकाच्या पगाराची लढाई एवढी जुनी आहे आणि ती कधीच एकट्यादुकट्यानं जिंकलेली नाही.

आता तर पाणी गळ्याशी आलं आहे. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक आहे त्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावं, नाहीतर सेवा सोडावी. वीस-वीस वर्षं शिकवलेली माणसं, जी त्या वेळच्या नियमांनुसार रीतसर लागली, रात्री मुलांच्या शेजारी बसून प्रश्नसंच सोडवत आहेत. खेळाचे नियम सामना संपत आला असताना बदलले. ५ डिसेंबर २०२५ ला या प्रश्नावर शाळा बंद ठेवायची हाक दिली, तर एक दिवसाचा पगार कापायचा इशारा आला. या लढाईत कोणाला बोलायला पाठवायचं? मंत्र्याच्या दालनात पन्नास लेटरहेड घेऊन पन्नास राज्याध्यक्ष जाणार, पन्नास फोटो निघणार, आणि सरकार त्यांतला सर्वात मऊ माणूस निवडून त्याच्याशी 'सकारात्मक चर्चा' करणार? गुणवत्तेला माझा विरोध नाही. न शिकवणाऱ्या शिक्षकाला संघटनेनं पाठीशी घालू नये, असं मी सभेत उभं राहून बोललो आहे आणि त्याबद्दल शिव्या खाल्ल्या आहेत. पण आमच्या वतीनं जो बोलेल तो आम्ही निवडलेला पाहिजे.

तेव्हा यवतमाळ जिल्हा परिषदेनं पुढच्या शैक्षणिक वर्षात पहिलं गुप्त मतदान घ्यावं. तालुकावार केंद्र, सेवेत असलेला प्रत्येक प्राथमिक शिक्षक आणि शिक्षण सेवक मतदार, 'कोणतीही संघटना नको' हा रकाना मतपत्रिकेवर छापलेला. ज्यांना पुरेशी मतं मिळतील त्यांनाच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या बैठकीत खुर्ची, आणि ती पाच वर्षांपुरती. बाकीच्यांनी संघटना खुशाल चालवाव्यात, पण साऱ्या शिक्षकांच्या नावानं सही करू नये. कोणी म्हणेल की एवढी यंत्रणा कुठून आणायची. लोकसभा, विधानसभा, ग्रामपंचायत, प्रत्येक निवडणुकीत मतदान केंद्राध्यक्ष म्हणून मारेगावच्या तहसीलमधून पेटी घेऊन निघतो तो शिक्षकच असतो. मतदारयादी तयार करतो तो, बोटाला शाई लावतो तो, रात्री उशिरा साहित्य जमा करून पावती घेतो तोही तोच.